मधलं माणूस

रविवारी सकाळी दहाला भूपेंद्रने टीव्ही लावला आणि त्यावर क्रिकेट आलं नाही, तेव्हाच भिकुबाईने ओळखलं की आज आपला निकाल लागणार.

टीव्हीवर एक मोठा गोल आला होता. बराचसा लाल, थोडा पिवळा, आणि हिरवी म्हणावी तर जेमतेम एक फोड. भाग्येशने पुण्याहून आणलेला लॅपटॉप टीव्हीला जोडला होता आणि हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून तो लाटण्याने त्या गोलावर टकटक करत होता. लाटणं भिकुबाईचं. ती स्वयंपाकघरात, अर्ध्या लोटलेल्या दारामागे पाटावर बसली होती. भरीत झालं होतं, पुऱ्यांची कणीक मळून झाली होती, आणि साऱ्या घराचं भवितव्य ठरल्याशिवाय लाटणं परत मिळेल अशी चिन्हं नव्हती.

दाराच्या फटीतून तिला निम्मी खोली दिसे. सोफ्यावर पुतण्या भूपेंद्र. नाशिकच्या बँकेतून त्याला निवृत्त व्हायला अजून दीड वर्ष होतं, पण त्याच्या पँटच्या पट्ट्याने निवृत्ती आधीच घेतली होती. शेजारी त्याची बायको चेतना, शाळेत शिकवणारी, त्यामुळे सासरीसुद्धा वर्गावर लक्ष ठेवून बसलेली. त्यांचा मुलगा भाग्येश टीव्हीपाशी. पलीकडे भिकुबाईची स्वतःची लेक मोहिनी, सुरतहून रात्रीची गाडी पकडून आलेली. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बन्सीलाल बापू, म्हणजे भूपेंद्रचे वडील आणि भिकुबाईचे जेठ, तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. ते फटीत मावत नव्हते. त्यांचे फक्त पाय दिसत होते. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. अठ्ठावन्न वर्षं तिने त्यांचे पायच पाहिले होते. चेहरा तिला फोटोवरून माहीत होता.

"हे बघा," भाग्येश म्हणाला. बापू त्याचे आबा, भिकुबाई त्याची आजी. "आबा आणि आजी यांच्यातला थेट संवाद. गेले एक्याण्णव दिवस. शून्य शब्द."

"शून्य?" मोहिनीने छातीवर हात ठेवला.

"एकही नाही, आत्या. नजरभेट शून्य. आबा खोलीत आले की आजी उठून जाते, दिवसातून सरासरी अकरा वेळा. चेहरा झाकते. मशीन हे भीतीचं लक्षण धरतं. आणि आबा दारात आले की खोकतात. दिवसातून चौतीस वेळा! म्हणून तर मागच्या आठवड्यात शहाद्याला नेऊन छातीचा फोटो काढला."

"मंग काय निंघनं?" भूपेंद्रने विचारलं.

"काहीच नाही. छाती स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, असा खोकला मी तरी पाहिलेला नाही. फक्त दारात येतो."

खिडकीजवळचे पाय जरासे आत ओढले गेले.

भिकुबाईला हसू आलं, ते तिने पदरात घेतलं. जेठ दारात खोकतो तो आतल्या बाईने पदर सावरावा म्हणून. सोफ्यावर बसलेल्यांपैकी दोघांना तरी हे पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. पण टीव्हीवर रंगीत गोलात आलं की माणूस स्वतःच्या घरात पाहिलेलंही विसरतो आणि नव्याने घाबरतो.

हा सगळा अहवाल पाठवला होता नवनीतने.

नवनीत दिवाळीत आला. कमरेएवढा, पांढरा, गुळगुळीत, खाली चाकं, वर चेहऱ्याच्या जागी काच आणि काचेत दोन निळे डोळे. म्हाताऱ्या माणसांना सोबत करायला असे यंत्रमानव आता मिळतात, असं भाग्येशने सांगितलं. गोळ्यांची आठवण करतात, गप्पा मारतात, कुणी पडलं तर फोन लावतात. कंपनीने त्याला काहीतरी नाव आणि आकडा दिला होता. बापूंनी ते मान्य केलं नाही. आकडा असलेल्याशी आपण फक्त वीज मंडळात बोलतो, म्हणाले. मग त्यांनीच नाव ठेवलं. पांढरा, मऊ आणि उन्हात ठेवला की बिघडणारा, म्हणून नवनीत. तो बोलायचा मात्र शुद्ध. इतका शुद्ध, की घरकाम करणारी सुंदरबाई पहिले आठ दिवस त्याच्यासमोर चप्पल काढून उभी राही. तिला वाटलं तहसीलमधून कुणी आलंय.

पण नवनीत या घरात खरोखर कशासाठी लागला, हे भाग्येशला माहीत नव्हतं. ते समजायला चौदा महिने मागं जावं लागेल.

भिकुबाई अठराव्या वर्षी लोणखेड्याच्या या घरात सून म्हणून आली तेव्हापासून ती जेठाशी बोलली नव्हती आणि जेठ तिच्याशी. भांडण? छे. उलट मान होता. धाकट्या भावाच्या बायकोने जेठासमोर आवाज काढायचा नाही आणि जेठाने तिला नावाने पुकारायचं नाही, हा रिवाज. घरातल्या बाकीच्या पुष्कळ गोष्टी बदलल्या. मातीचं घर गेलं, स्लॅब आला, केळीला ठिबक आलं, चुलीच्या जागी गॅस आला. हा एक रिवाज बदलायचा विषय कुणी काढलाच नाही, कारण त्याची कधी कुणाला अडचण झाली नव्हती. मध्ये तापीबाई होती.

तापीबाई बापूंची बायको, भिकुबाईची जेठाणी. सारे निरोप तिच्याकडून जात. बापूंनी म्हणायचं, "मोहिनीनी मायले सांग." भिकुबाईने म्हणायचं, "भूपाना बापले सांग." तापीबाई दोघांच्या मध्ये बसून वाती वळत असे आणि घर चालत असे. वीस वर्षांपूर्वी भिकुबाईचा नवरा गेला, तेव्हा बापूंनी मोठ्या भावाने म्हणावं ते सगळं म्हटलं, तेसुद्धा तापीबाईकडूनच. पोरं नाशिक-सुरत-पुण्याला पांगली तरी घर चालत राहिलं. चौदा महिन्यांपूर्वी तापीबाई गेली आणि घरातली टेलिफोनची तारच तुटली.

त्यानंतरचे दिवस भिकुबाईला आठवायला आवडत नसत. ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "जेवन तयार शे." बापू वर्तमानपत्राला म्हणायचे, "आज भूक नही." भिंत आणि वर्तमानपत्र यांची आपसात ओळख नसल्याने पुष्कळदा ताट तसंच राही. सुंदरबाई अकरा ते एक असे. त्या दोन तासांत चोवीस तासांचे निरोप उरकावे लागत, आणि सुंदरबाई निम्मे विसरे.

मग नवनीत आला. तिसऱ्या दिवशी भिकुबाई सवयीने भिंतीला म्हणाली, "पानी तापनं म्हना," तर मागून आवाज आला, "हा निरोप मी बन्सीलाल यांना पोहोचवू का?"

भिकुबाईने वळून त्या निळ्या डोळ्यांकडे पाहिलं. मग पदर नीट केला आणि म्हणाली, "पोहोचाड."

त्यातही पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली. नवनीत चाकांवरून स्वयंपाकघरात आला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "बन्सीलाल यांचं म्हणणं आहे की भाजी खारट आहे. गेली तीस वर्षं खारट आहे."

भिकुबाई पळी हातात घेऊन उभीच राहिली. तीस वर्षं तापीबाई रिकामं ताट घेऊन आत यायची आणि सांगायची, "त्यासले भाजी भलती आवडनी वं." म्हणून भिकुबाई दुसऱ्या दिवशीही मीठ तेवढंच टाकी, आवडतं तर कमी कशाला करा! तापीबाई निरोप नेत नव्हती, निरोप शिजवत होती. त्या रात्री भिकुबाईला जरा वाईट वाटलं. सकाळी बरं वाटलं. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा जेठाचं खरं वाक्य जसंच्या तसं तिच्यापर्यंत आलं होतं. तिने मीठ कमी केलं आणि उलटा निरोप पाठवला, "त्यासले सांग, मंग तीस वरीस गुमान काबरं खादी?" तेव्हापासून घर परत बोलतं झालं. दिवसाला वीस-पंचवीस निरोप. पावसाचे, केळीच्या भावाचे, गुडघ्यांचे. एकदा तर नुसताच, "त्यासले सांग, तापीबाईना फोटोवर धूळ बसनी." आणि त्यावर, "बन्सीलाल यांचं म्हणणं आहे की त्यांना दिसत होती, पण हात लागत नव्हता."

मग तेरा दिवसांपूर्वी ती पडली.

परसात, कपडे धुवायच्या फरशीवर पाय सटकला. घोटा मुरगळला. नवनीत चार्जिंगला होता. बापू पुढच्या ओसरीवर पेपर वाचत होते. मध्ये दोन खोल्या आणि दोन उघडी दारं. भिकुबाई चाळीस मिनिटं आभाळाकडे पाहत पडून राहिली आणि तिने हाक मारली नाही. सुंदरबाई आली तेव्हा तिचा पाय सुजला होता आणि पदर डोक्यावर नीट होता.

हेच आता खोलीत चाललं होतं.

"चाळीस मिनिटं," भूपेंद्र म्हणाला. "डोक्याला लागतं तर? बापू तीस फुटांवर आणि काकू हाक मारत नाही. याला काय म्हनशात?"

"दुष्मनी," मोहिनी म्हणाली. "दुसरं काय! मोठाबा, काही बोलाचाली झाली का तुमच्यात? मी मायला विचारलं तर ती म्हणते, ते कधीच काही बोलले नाहीत."

ते अक्षरशः खरं होतं.

भूपेंद्र आणि मोहिनी या चुलत भावंडांचं लहानपणापासून कशावर एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. तापीबाईच्या उत्तरकार्याला जिलेबी की बुंदी यावर दोघं चार दिवस अबोल होते. यावेळी मात्र फोनवर सात मिनिटांत ठरलं. बापू नाशिकला भूपेंद्रकडे, भिकुबाई सुरतला मोहिनीकडे, घराला कुलूप, किल्ली सुंदरबाईकडे. दोघांनी एकमेकांचं इतकं कौतुक केलं की फोन ठेवल्यावर दोघांनाही संशय आला.

"अहवालात खाली बारीक अक्षरात काय आहे रे?" चेतनाने विचारलं. "'पोहोचवलेले निरोप, दोन हजार एकशे सहा.'"

"ते धरायचं नसतं, मम्मी. ते मशीनचं आपलं अंतर्गत काम असतं."

चेतनाने, मुलाने एक पान सोडून पुढचा धडा वाचावा आणि बाईंच्या लक्षात यावं, तशी भुवई वर केली.

"उलट या मशीननेच बिघडवलं," भाग्येश म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. बिचाऱ्याने पहिल्या पगारवाढीतून हौसेने आणला होता. "दोघं सगळा वेळ त्याच्याशीच बोलतात. एकमेकांशी नाही. मी परत देतो त्याला."

त्याने नवनीतच्या मानेमागचं बटण दाबलं. निळे डोळे मिटले. तो त्याला उचलून खोक्यात घालू लागला, पण सोबतचा थर्माकोल सुंदरबाईने कोंबडीच्या पिलांसाठी नेला होता, त्यामुळे नवनीत आत नीट बसेना. मान खोक्याबाहेर राहिली. खोलीच्या मधोमध, न्हाणीत उभं केलेलं पोर दिसतं तसा तो दिसत होता.

"बापू," भूपेंद्र म्हणाला, "तुमनं काय म्हननं शे?"

बापूंनी हातातली काठी फरशीवर टेकवली.

"तिले इचारं का?"

"कोनले?"

"मोहिनीनी मायले."

खोलीतल्या सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. भिकुबाई पाटावर जागच्या जागी आकसली. जेठ तिथं बसलेले, आणि बोलायचं. तिचा घसा आपोआप मिटला. इतक्या वर्षांत तो स्वतःच मिटायला शिकला होता, तिला सांगावंही लागत नसे.

मोहिनी उठून आत आली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली. मायेने हात धरला.

"माय, तू माले सांग. मी तठे सांगस. लहानपनी कधीमधी निरोप नेऊ तशी."

भिकुबाईने तिच्या कानाशी तोंड नेलं. "माले सुरतले जावानं नही. पाय सटकना ती मन्ही चूक, घरनी नही. मी आठेच ऱ्हासू. मन्हा जेठ आठे शेत, मन्ही जेठानीना फोटो आठे शे. सांग असं."

मोहिनीने मान हलवली, डोळे पुसले, बाहेर गेली आणि म्हणाली, "माय म्हनस, तुम्ही समदा ठरावशात ते तिले कबूल शे."

भिकुबाईने ते फटीतून ऐकलं. आधी तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग कळलं. पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. पोरीला तिची काळजी होती. सुरतच्या घरी तिच्यासाठी वेगळी खोली रंगवून ठेवली होती, भिंतीला फिकट गुलाबी रंग, तिने फोनवर तीनदा दाखवला होता. मायेची माणसं मध्ये बसली की निरोप असेच गोड होऊन जातात. पण भाजीतलं मीठ वेगळं. हे उरलेलं आयुष्य होतं.

"चला, झालं मग," भूपेंद्र म्हणाला आणि मांडीवर हात आपटून उठायला लागला. "संध्याकाळी गाडी काढू."

भिकुबाई भिंतीला धरून उठली. घोटा अजून ठणकत होता. तिने पदर कपाळाखाली ओढला, दार लोटलं आणि लंगडत बाहेर आली. ती बापूंच्या खुर्चीकडे पाठ करून खोक्यापाशी गेली, खाली बसली आणि त्या मिटल्या डोळ्यांसमोर तोंड आणून, अजिबात कुजबुजत नव्हे, म्हणाली,

"त्यासले सांग, माले सुरतले जावानं नही."

"आजी," भाग्येश हळूच म्हणाला, "तो बंद शे."

"ऱ्हाऊ दे. चालू व्हता तं चाडी करे."

मग खिडकीकडून आवाज आला. बापूंनी खुर्ची थोडी वळवली होती, आणि तेही खोक्याशीच बोलत होते.

"तिले सांग, मी बी नाशिकले जावाव नही. तठे बाल्कनीमा बठीसन कोन्या गाड्या मोजानात?"

"बापू, अहो," भूपेंद्र म्हणाला.

"मधमा बोलू नको. निरोप चालना."

"त्यासले सांग," भिकुबाई म्हणाली, "मोहिनीनी सांगेल निरोप मन्हा नव्हता."

"तिले सांग, माले समजनं. इतला गोड निरोप तिना नही ऱ्हास. एक्क्यान्नव दिनमा एक बी उना नही."

चेतना फसकन हसली आणि तिने पटकन तोंडावर हात धरला. मोहिनी लाल झाली. भाग्येश लाटणं हातात धरून एकदा आजीकडे, एकदा आबांकडे असा पाहत होता, टेनिसच्या सामन्याला बसल्यासारखा.

"तिले इचार," बापूंचा आवाज आता खाली आला, "त्या दिन हाक काबरं नही मारी? मी ओसरीवर बठेल व्हतू. चाळीस मिन्टं मी केळीना भाव वाची ऱ्हायंतू. माले समजनं तव्हापाईन पेपर हातमा धरवस नही."

हे भिकुबाईला माहीत नव्हतं. हे नवनीतकडूनही आलं नव्हतं. ती थोडा वेळ खोक्याच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत राहिली.

"त्यासले सांग, कशी मारू? अठ्ठावन वरीस झायात. काय म्हनीसन हाक मारानी, ते कोनी सांगंच नही माले."

बापूंनी विचार केला. हा प्रश्न कुणी त्यांना विचारेल असं त्यांना कधी वाटलं नसावं. त्यांना बापू म्हणणारे होते, मोठाबा म्हणणारे होते, आबा म्हणणारा होता, विकास सोसायटीत बन्सीशेठ म्हणणारे होते. या घरात सगळ्यात जास्त काळ त्यांच्याबरोबर राहिलेल्या माणसाजवळ त्यांच्यासाठी शब्दच नव्हता.

"तिले सांग," ते म्हणाले, "दादा म्हन."

मोहिनी रडायला लागली. तिचं रडणं लहानपणापासून मोठं होतं. सुंदरबाई गल्लीतून धावत आली आणि दारात चप्पल काढून उभी राहिली.

"भाग्येश," चेतना म्हणाली, "तू शून्य म्हणालास. दोन हजार एकशे सहा निरोप आहेत हे. तुझे पप्पा आणि मी एका घरात राहून वर्षाला इतके शब्द बोलत नाही."

"तू बोलतेस की," भूपेंद्र म्हणाला.

"मी बोलते. तुम्ही 'हं' म्हणता. ते धरत नाहीत."

भाग्येशने लॅपटॉप बंद केला. टीव्हीवरचा लाल गोल गेला. तो खोक्याजवळ बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "आबा, मग याला ठेवू? की नेऊ?"

"काढ त्याले डबामाथीन. रातले पेपर वाची दाखाडस तो माले. बिचारा सरकारी बोलस, पन मन लाईसन वाचस. फक्त तो अहवाल का काय, ते तेवढं तुन्हाकडे धाडू नको म्हना. मन्हा घरनं मी सांगसू तुले फोनवर. तू फोन करत जाय."

भाग्येश "हो आबा" म्हणाला. त्याचे कान तापले होते. दिवाळीपासून त्याने अहवाल तेरा वाचले होते आणि फोन दोनदा केला होता.

पण भूपेंद्र अजून उभा होता. बापाचा मुलगा होता, आणि बँकेचा माणूस. भावनेने सही करणारा नव्हता. आणि खरं सांगायचं तर तो चुकत नव्हता.

"हाई समदं बरोबर," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यात पाणी आलं, मी नाही म्हणत नाही. पण काकू, उद्या परत पाय सटकला तर? नवनीत चार्जिंगला असला तर? आज तुम्ही खोक्याशी बोललात. परसात खोकं नसणार. हाक तोंडातून निघी का? माले नाशिकमा झोप लागाले पाहिजे."

हाक निघेल की नाही, हे भिकुबाईला स्वतःलाच माहीत नव्हतं.

"सराव घ्या," चेतना म्हणाली.

"काय?"

"आमच्या शाळेत दर महिन्याला असतो. घंटा वाजली की आग लागली असं समजायचं आणि मैदानात पळायचं. आजवर आग लागलेली नाही, पण चौथीतल्या पोरालाही पळता येतं. काकू परसात जातील. आपण सगळे ओसरीवर बसू. त्या हाक मारतील. ऐकू आली तर दोघं इथंच राहतील."

"आणि नाही आली तर?" मोहिनीने विचारलं.

"तर तुझी गुलाबी खोली आहेच."

भूपेंद्रने सगळ्यांकडे पाहिलं. "कबूल," तो म्हणाला. "पन ओसरीवर आयकाले उनी पाहिजे. सुंदरबाईनी मधमा सांगानं नही."

सुंदरबाईने कानाला हात लावले. ती आता, लाटणं परत घेऊन कुणी पुऱ्या करणार आहे की नाही, हे विचारायच्या बेतात होती.

भिकुबाई एकटी परसात आली.

उन्हं चांगली वर आली होती. फरशी कोरडी होती. पलीकडे जुन्या साड्यांवर वर्षाच्या मसाल्याची मिरची पसरलेली होती, नंदुरबारच्या बाजारातून आणलेली, लालभडक, नाकात झणका जाईल अशी. ती ज्या जागी पडली होती तिथं उभी राहिली. घरातून आवाज नव्हता. तिकडे सगळे ओसरीवर ओळीने बसले असणार, श्वास रोखून, परीक्षेला बसल्यासारखे.

तिने तोंड उघडलं. काही आलं नाही.

पुन्हा उघडलं. हवा आली. एक बारीक "दा" आला आणि पायाशी पडला. ओसरी सोडा, दारापर्यंतही गेला नसता. तिला घाम फुटला. केवढीशी गोष्ट! पोरं दिवसभर हाका मारतात. ती स्वतः लहानपणी बापाच्या शेतावर बांधावरून आरोळी मारायची तर पलीकडच्या मळ्यातले बैल माना वर करायचे. तोच गळा, तोच जीव. फक्त मध्ये अठ्ठावन्न वर्षं हळू बोलण्यात गेली होती.

घरात कुणीतरी खुर्ची सरकवली. भूपेंद्र असणार. घड्याळ पाहिलं असणार. गाडीची किल्ली खिशात चाचपली असणार.

भिकुबाईने दोन्ही हात कमरेवर ठेवले. डोक्यावरचा पदर मागे सरकला, तो तिने सरकू दिला.

"दादा!"

मिरच्यांवरची चिमणी उडाली.

"ओ दादा! दादा हो!"

शेजारच्या घराची खिडकी उघडली. गल्लीत कुत्रं भुंकलं. आणि घरातून आधी काठी पडल्याचा आवाज आला, मग भूपेंद्रचा, "बापू, अहो सराव शे तो!" आणि मग दोन खोल्या, दोन दारं आणि एक पायरी ओलांडून, एका पायात चप्पल घालून, चौऱ्याऐंशी वर्षांचे बन्सीलाल बापू परसात आले. सराव आहे हे त्यांना सांगून पाच मिनिटंही झाली नव्हती.

"काय झायं? पडनी का? कोठे लागनं तुले?"

"कोठेच नही," भिकुबाई म्हणाली. "हाक मारी देखी."

"मंग चांगली मारी." ते दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत होते. "भलती चांगली मारी."

मागे दारात बाकीचे जमले. भूपेंद्र पुढे येणार होता, चेतनाने त्याचा शर्ट धरला.

मध्ये कुणी नव्हतं. बापूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेवटी त्यांची नजर साडीवर पसरलेल्या मिरच्यांवर गेली.

"या मिरच्या," ते म्हणाले, "आखो दोन दिन ऊनमा ऱ्हाऊ दे."

"नही. आजच भरन्या शेत."

"दोन दिन. देठ आखो ओला शेतस."

"देठ देखा मी सकाळी. आजच. उद्या आभाळ येनार शे."

"तुले काय माहीत?"

"तुमले काय माहीत? तुम्ही ओसरीवर बठतस."

दारातून कुणीतरी हसलं. बापूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. भिकुबाईने तोवर वाकून कोपऱ्यातली वेताची पाटी उचलली होती, आणि त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी ती त्यांच्या हातात दिली.

"धरा," ती म्हणाली.